उपचार पूर्ण

वाटाणा म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. भाजीतला नव्हे, पडद्यावरचा. बुलढाण्यातल्या एका सभागृहात, तीन दिवसांच्या प्रशिक्षणात, पुण्याहून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी तो आम्हाला दाखवला होता. हिरवा वाटाणा, पिवळा वाटाणा, गुळगुळीत वाटाणा, सुरकुतलेला वाटाणा, त्यांच्यामधून इकडून तिकडे जाणारे बाण आणि बाणांच्या टोकाला इंग्रजी अक्षरं, एक मोठं, एक छोटं. समोर आम्ही चाळीसेक आरोग्यसेविका. कुणी मेहकरहून पहिली एसटी पकडून आलेली, कुणाचं तान्हं पोर मागच्या खुर्चीवर बहिणीच्या मांडीत. साहेब अर्धं इंग्रजीत बोलत होते आणि उरलेलं अर्धं अशा मराठीत, की त्यापेक्षा इंग्रजी बरं वाटावं.

प्रशिक्षण सिकलसेलचं होतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि माणूस हाडं दुखून दुखून लोळतो, तो आजार. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही दोष आला तर पोर आजारी. एकाकडूनच आला तर ते पोर वाहक. वाहक म्हणजे स्वतः धडधाकट, पण दोष पुढे देऊ शकणारं. आणि वाहक हा जन्मभर वाहक. झालं, एवढंच. पाच वाक्यांत संपलं. तीन दिवस आम्ही तिथे बसलो, दोन वेळचा चहा आणि एक वेळची पुरीभाजी खाल्ली, आणि ही पाच वाक्यं सलग, साध्या बोलण्यात, एकदाही कानावर पडली नाहीत.

ती वर्षं बीटी कापसाची होती. गावोगाव कंपन्यांच्या जीपा फिरत होत्या आणि कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर बसून माणसं जीनवर वाद घालत होती. कुणाचं बी खरं, कुणाचं बोगस, कुणाच्या झाडात बोंडअळीला मारणारा गुण उतरला, कुणाच्यात उतरला नाही, यावर मारामारीची वेळ यायची. सभागृहातली एकूण एक बाई कपाशी वेचत मोठी झालेली. माझं माहेर देऊळघाट, मीही त्यातलीच. पण वाटाणा बाजूला ठेवून आमच्याशी कपाशीच्या बियांबद्दल बोलावं, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. आणि आमच्यातल्या एकीनंही हात वर करून तसं म्हटलं नाही, मी धरून.

तिसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा. आमच्या खात्यात परीक्षेची एक रीत आहे. पहिल्या दिवशी घेतात ती पूर्वचाचणी. तिच्यात सगळ्यांना कमी गुण पडले पाहिजेत. शेवटच्या दिवशी उत्तरचाचणी. तिच्यात सगळ्यांना भरपूर पडले पाहिजेत. म्हणजे प्रशिक्षण यशस्वी. त्यासाठी उत्तरांचा कागद चहाबरोबर फिरतो. कारकून तो ताटाखाली धरून आणतो, पहिल्या रांगेत देतो, आणि तो मागे सरकत जातो. मीही उतरवून घेतलं. दहापैकी दहा. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, तेही मी लॅमिनेट करून उपकेंद्राच्या भिंतीवर लावलं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

माझं उपकेंद्र मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात. दोन खोल्या, एक टेबल, आणि रजिस्टरं. लसीकरणाचं, गरोदर मातांचं, कुटुंब नियोजनाचं, क्षयरोगाचं, पाण्याच्या नमुन्यांचं. शिवाय त्या वर्षी शेतकरी कुटुंबांच्या पाहणीचं आणखी एक आलं होतं. घरोघर जाऊन विचारायचं, मन उदास असतं का, झोप लागते का, हो किंवा नाही. ज्या घरातल्या माणसानं फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाला लावलेली, तिथे जाऊन मी पेन उघडून विचारायचे, झोप लागते का. शिव्या खाऊन परत यायचे. आणि त्या ढिगावर सिकलसेलचं रजिस्टर येऊन पडलं.

हे रजिस्टर कुणी तयार केलं देव जाणे. ज्यानं केलं त्यानं क्षयरोगाच्या रजिस्टरची झेरॉक्स काढून वरचं नाव तेवढं बदललं होतं. रकाने सगळे तेच. नाव, वय, तपासणीचा निकाल, गोळ्या सुरू केल्याची तारीख, पहिला महिना, दुसरा महिना, असे सहा महिने, आणि शेवटचा रकाना, उपचार पूर्ण. क्षयरोगात हे बरोबर आहे. सहा महिने गोळ्या नीट घेतल्या, उपचार पूर्ण, माणूस बरा. आमचे हात त्याच रकान्यांना सरावलेले होते. रकाना दिसला की तो भरायचा, आणि रिकामा राहिला तर महिन्याच्या सभेत उभं करतात, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

गावात तपासणीचं शिबिर झालं. बोट टोचायचं, थेंबभर रक्त नळीतल्या औषधाच्या पाण्यात टाकायचं. पाणी स्वच्छ राहिलं तर काही नाही, गढूळ झालं तर नमुना जिल्ह्याला पाठवायचा. तिथून कार्डं यायची, आजाऱ्याला लाल, वाहकाला पिवळं. शिबिरात एका मुलीची नळी गढूळ निघाली. बारावी झालेली, उंच, बोलकी, शिबिराच्या दिवशी पोरांना रांगेत उभं करायला मला तिनंच मदत केली होती. तिचं पिवळं कार्ड आलं. मी तिला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, दर महिन्याला. ती बिचारी एक महिना चुकली नाही. सहा महिने झाले, मी शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि तिच्या कार्डावरही, माझ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, उपचार पूर्ण. ती हसून म्हणाली, "बरी झाली ना मी बाई?" मी म्हटलं, "हो, झाली ना."

असं मी म्हटलं. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झालं, तिच्या आत्याच्या मुलाशी. आमच्याकडे भावाची मुलगी बहिणीनं सून करून नेणं ही मोठ्या आनंदाची गोष्ट. गाव लोणारकडचं. मी लग्नाला गेले होते, आहेर केला, बुंदी खाल्ली. नवरदेवाचं रक्त तपासलं आहे का, हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही. कसं येणार? माझ्या हिशेबी ती बरी झालेली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात ती परत आली. तिला घेऊन तिचा सासरा आला होता, एसटीनं, हातात आंब्याच्या लोणच्याची बरणी. माणूस साधा, कपाशीवाला, बोलायची आवड असलेला. तिनं पिशवीतून कागद काढले. सासरच्या नर्सबाईनं नोंद नीट केलेली होती. वजन, रक्तदाब, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं. पिवळं कार्डही त्या कागदांना टाचलेलं. त्या बाईनं ते पाहिलेलं होतं. पाहून तिनं नवऱ्याला तपासायला हवं होतं, तेही तिसऱ्या महिन्याच्या आत, म्हणजे पोटातल्या बाळाची तपासणी करायला मोठ्या दवाखान्यात पाठवता आलं असतं. पण कार्डावर माझं अक्षर होतं. उपचार पूर्ण. तिनं माझ्या खुणेवर विश्वास ठेवला आणि पान उलटलं.

मला तेव्हाही काही खटकलं नाही, हे कबूल करते. मी पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, सगळं ठीक म्हणाले. तिचा सासरा स्टुलावर बसून कार्ड निरखत होता.

"बाई, एक इचारू काय?" तो म्हणाला. "माह्या भावानं मागच्या साली बीटीच्या सरकीतलंच बी ठेवलं अन् पेरलं. काही झाडं साफ, अन् काही झाडं अळीनं पार खाऊन टाकली. आता त्यानं औषध मारलं, अळी मेली, हे खरं. पण बियातलं थोडंच बदललं? ते जसं होतं तसंच राह्यलं. मंग तुमच्या गोळीनं पोरीच्या रक्तातलं कसं काय गेलं? सोयऱ्यांनी सांगतलं होतं, आईबापाकूनच येते म्हनून."

तो खवचटपणे विचारत नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं.

"लय भारी गोळी हाय राजेहो," तो सुनेकडे बघून हसला. "आमच्या कपाशीले द्या ना एखांदी."

ती पण हसली. मी हसले नाही. वाटाणा, मोठं अक्षर, छोटं अक्षर, बाण, सगळं एकदम समोर आलं आणि पहिल्यांदा कळलं. छोटं अक्षर म्हणजे तो दोष, आणि छोटं अक्षर गोळीनं मोठं होत नाही. ते तसंच राहतं आणि पुढे जातं. स्टुलावरच्या माणसाला हे समजून चुकलं होतं, आणि भिंतीवर प्रमाणपत्र लावलेल्या मला नाही.

मी त्यांना थांबवलं, बाहेरच्या एसटीडीवरून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला. ते घाईत होते. फवारणीचं औषध अंगात भिनलेली दोन माणसं त्यांच्यासमोर होती. मी विचारलं, वाहक बरा होतो का? ते वैतागून म्हणाले, "वाहक कसा बरा होईल, सिस्टर? जन्माचं असतं ते. एवढं ट्रेनिंग केलं ना तुम्ही?"

"मग सर, माझ्या दर महिन्याच्या अहवालात बरे झालेले म्हणून आकडा जातोय. त्यावर सही तुमची आहे."

मग ते म्हणाले, "तो गेलेला अहवाल आता बदलता येणार नाही." आणि फोन ठेवला. त्या माणसावर चिडावं की कीव करावी, मला समजेना. त्यालाही कुणीतरी हाच वाटाणा दाखवला असणार.

दोन दिवसांनी मी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. बोट टोचलं. नळीत थेंब टाकला आणि आम्ही तिघं बघत बसलो. नळीच्या मागे छापील कागद धरतात. पाणी स्वच्छ असेल तर अक्षरं वाचता येतात. अक्षरं दिसेनाशी झाली. जिल्ह्याचा कागद नंतर आला, तोही वाहक.

मग दोघांना पुन्हा बोलावून मला सांगावं लागलं. ती पाच वाक्यं मी तिला सांगितली, दीड वर्ष उशिरा. ती ऐकून घेत होती. मधे एकदाच म्हणाली, "पन बाई, तुमीच तं बरी झाली म्हनलं होतं." मी म्हटलं, "चुकलं माझं." हे दोन शब्द माझ्या तोंडून सहज निघाले नाहीत, पण निघाले.

"आता काय करू मी?"

"आता काही करता येत नाही. तपासणीचे दिवस गेले. चारात एक वेळ अशी, की बाळाला दोन्हीकडून दोष आला असेल."

तिनं थोडा विचार केला. "चारातलं एक म्हंजे पह्यलंच असन काय? का मंग पह्यलं खराब निघालं तं बाकीचे तीन चांगले?"

"तसं नाही. प्रत्येक वेळी चारात एक."

"म्हंजे दरवेळी भ्यावंच लागन," ती म्हणाली, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, गाडीची येळ झाली तुमची." तो उठला नाही. तो कार्डाकडे बघत होता, माझ्या अक्षराकडे. मला वाटलं आता हा माणूस मला बोलणार. बोलला असता तर बरं झालं असतं.

मुलगा झाला. गोरा, हातपाय हलवणारा, नऊ महिने पूर्ण भरलेला. तान्ह्या बाळाची नळीची तपासणी खात्रीची नसते, सहा महिने थांबावं लागतं. म्हणजे पुन्हा सहा महिने. दर महिन्याला ती लसीसाठी यायची आणि मी बाळाचे डोळे पिवळे दिसतात का बघायचे, आणि मी बघते आहे हे ती बघायची. सहाव्या महिन्यात बाळाची बोटं सुजली, दोन्ही हातांची, आणि ते तीन दिवस रडत राहिलं. नळीची तपासणी मग फक्त कागदासाठी केली. लाल कार्ड आलं. ते मीच तिच्या हातात दिलं, त्यावर या वेळी काही लिहिलं नाही.

तो मुलगा आज मोठा आहे, शाळेत जातो, गणितात हुशार. थंडी पडली की त्याचे पाय दुखतात आणि त्याची आई त्याला उचलून दवाखान्यात नेते. ती मला भेटली की बोलते, घरचं विचारते. कधी टोचून बोलली नाही. याचा मला जास्त त्रास होतो.

मी मात्र त्यानंतर गप्प बसले नाही. मराठीत शिकवा म्हणून अर्ज केले, रजिस्टरचा शेवटचा रकाना काढा म्हणून केले, सभेत उभी राहून बोलले. सभेत एकदा मला सांगण्यात आलं की सिस्टर फार प्रश्न विचारतात. शेवटी मला गप्प करायला म्हणा की खरंच म्हणा, मलाच प्रशिक्षक नेमलं. त्याच सभागृहात. रजिस्टरं तपासायची म्हणून प्रत्येकीला आपलं रजिस्टर घेऊन यायला सांगितलेलं होतं. पडद्याला जोडलेला संगणक मी उघडला आणि काय सांगू, पहिलं चित्र तेच. हिरवा वाटाणा, पिवळा वाटाणा. मी तो बंद केला. टेबलावर सरकी ओतली, मूठभर, आणि कपाशीवर बोलले. दोन दिवस बोलले. बायका हसल्या, वाद घातला, आपापल्या शेतातलं सांगितलं. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी चहा आला. कारकून दुसरा होता, ताट तेच. मी खुर्चीवरून पाहत होते. कागद पहिल्या रांगेत गेला, मग दुसऱ्या. माझ्यासमोर दोन दिवस हिरिरीनं बोललेल्या बायका मान खाली घालून तो उतरवत होत्या. मी तपासायला पेपर हातात घेतले. चौथा प्रश्न होता, वाहकाचा उपचार किती महिन्यांत पूर्ण होतो? प्रश्न कारकुनानं रजिस्टर समोर ठेवून काढला होता. उत्तराच्या कागदावर लिहिलं होतं, सहा महिने. आणि एकूण एक पेपरात तेच, सहा महिने. सगळ्यांना दहापैकी दहा.

मी ओरडले. पदाला शोभेल असं ओरडले नाही, घरात ओरडते तशी ओरडले. परवा काय बोललो आपण, काल काय बोललो, ही सरकी काय शोभेला ठेवली होती? मग आवाज बसला. पर्समध्ये एक कार्ड मी कायम ठेवते, त्या मुलाच्या आईकडून मागून घेतलेलं. ते पिवळं कार्ड मी पहिल्या रांगेत दिलं, म्हटलं, आता हे फिरवा मागे. आणि सगळं सांगितलं, अक्षर कुणाचं तेही. कार्ड रांगेरांगेनं मागे सरकत गेलं, ताटाखालचा कागद गेला होता तसंच.

कार्ड शेवटच्या रांगेत पोचलं. तिथे एक नवीन लागलेली पोरगी बसली होती, दोन दिवस सगळ्यात जास्त हसलेली. तिनं कार्ड बघितलं, खाली ठेवलं आणि मांडीवरचं आपलं रजिस्टर उघडलं. बोट फिरवत शेवटच्या रकान्यापर्यंत आली.

"मॅडम," ती उभी राहून म्हणाली, "यातल्या एकीचं लग्न परवा हाय."

तिच्या आवाजानं शेजारणीनं आपलं रजिस्टर उघडलं, मग पुढचीनं. मग सभागृहभर पानं उलटायचा आवाज सुरू झाला.